डीला हात लावायचा नाही

साहेब येणार म्हटलं की घरातल्या वस्तूंना पाय फुटत. ताईचं शिवणाचं मशिन खिडकीपासून उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसे, तिची गादी कॉटवरून बाहेरच्या सोफ्यावर येई, आणि कापडं कापायचं लांब टेबल भिंतीला इतकं चिकटे की कात्री चालवायची तर पोट आत ओढून उभं राहावं लागे. साहेब म्हणजे कुणी अधिकारी नव्हे, ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी एकदा वडिलांचे बूट घालून तो घरभर फिरला तेव्हा आईनं कौतुकानं ‘साहेब आले’ म्हटलं, आणि ते नाव त्याला असं चिकटलं की पुढे घरानं त्याला खरंच साहेबासारखं वागवायला घेतलं. तो दूरच्या शहरात एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघायचा. वर्षातून एकदा यायचा, आणि तो असेपर्यंत आईच्या तोंडी ताईसाठी एकच वाक्य असायचं, “जरा सरकव गं.”

ताई कपडे शिवायची, पण सगळ्यांचे नाही. दुकानातला कपडा ज्यांच्या अंगाला बसत नाही त्यांचे. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाचा एक हात आखूड. कुणी दिवसभर चाकाच्या खुर्चीत, त्यामुळे सदरा पुढे गोळा व्हायचा आणि मागून वर चढायचा. अशा माणसाला मापं देणं म्हणजे शिक्षा असते. परक्यासमोर कपडे उतरवून उभं राहायचं, आरशातसुद्धा जे बघायचं टाळतो ते टेपनं मोजू द्यायचं, आणि वर शिंपी मोठ्यानं आकडे सांगतोय तेही ऐकायचं. ताईला हे समजत होतं. म्हणून तिच्याकडे माप एकदाच घेतलं जाई. दार लावून, सावकाश, तोंडानं एक आकडा न काढता. मग त्या मापांवरून ती कॉम्प्युटरवर त्या माणसाचा पॅटर्न बनवायची. पाठ, पुढा, बाह्या, सगळे तुकडे त्याच्या अंगाचे. तो एकदा बनला की पुढे कितीही कपडे शिवा, पुन्हा उघडं उभं राहायची गरज नाही. थोडंफार जाड-बारीक झालं तर ते कपड्यावरून, ट्रायलला बघायचं. शिवण तर चांगली होतीच, पण गिऱ्हाईक तिच्याकडे यायचं ते ह्या शब्दासाठी.

मास्तरीणबाईंना तो शब्द देताना तर ताईनं त्यांचा हात हातात घेतला होता. बाईंनी उभा जन्म मुलांना शिकवण्यात घालवला, आणि उभा जन्म एकाच ढगळ झग्यात काढला, कारण पाठीचा कणा एका बाजूला असा वळलेला की दुसरं काही अंगावर राहायचंच नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, “मी फक्त विचारायला आलेय.” दुसऱ्यांदाही विचारूनच गेल्या. तिसऱ्यांदा आल्या, खोलीत गेल्या, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, “करा काय करायचं ते.” माप होईपर्यंत त्यांनी डोळे मिटलेले होते. ताईनं त्या दिवशी दुसरं काही कामच केलं नाही. मग तिनं त्यांना दोन साधे झगे शिवून दिले, आणि ते असे बसले की बाई रस्त्यानं जरा दमानं, आजूबाजूला बघत चालायला लागल्या. आता त्यांच्या जुन्या शाळेनं त्यांना व्यासपीठावर बोलायला बोलावलं होतं. बाईंनी स्वतः जाऊन निळसर लोकरी कापड आणलं होतं. कोट शिवायचा होता, आयुष्यातला पहिला. कोटाचा पॅटर्न ताईनं त्यांच्या मापांवर बसवून तयार ठेवला होता, कापायचं तेवढं राहिलं होतं.

म्हणजे साहेब आला तेव्हा टेबलावर ते निळसर कापड होतं, आणि त्यावर त्यानं आल्या आल्या लॅपटॉपची बॅग ठेवली.

ताईचं मागणं साधं होतं. कॉम्प्युटर जुना, कुणाकडून तरी घेतलेला, त्याचा सीडीचा कप्पा उघडायचाच नाही. तेवढा दुरुस्त करून दे, म्हणजे पॅटर्नची दुसरी प्रत सीडीवर ठेवता येईल, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. तोवर दुसरी प्रत म्हणून ती प्रत्येक पॅटर्न खाकी कागदावर कापून, गुंडाळी करून, कॉटखालच्या खोक्यात ठेवायची.

“सीडी?” साहेब हसला. “ताई, कुठल्या जमान्यात आहेस? हे मशिन बघ किती रडतंय. ह्यातली जुनी सिस्टीम काढून मी लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, व्हायरस नाही, आणि पळेल असं की बघत राहशील.”

“माझा पॅटर्नचा प्रोग्राम चालेल त्यावर?”

“चालवू. नाहीतर त्याच्यासारखा दुसरा असतो. तू काळजी करू नको.”

“मला दोन दिवसांत एक कोट कापायचाय रे. तो झाल्यावर कर ना.”

“दोन दिवसांनी मी निघालो असेन. आजच्या आज होतंय, दुपारपर्यंत.”

आई आतून म्हणाली, “एवढा हौसेनं करतोय तर करू दे की. बाहेर लोक ह्या कामाला त्याच्या हातापाया पडतात.”

एक गोष्ट इथे सांगायला हवी, की लिनक्स ह्या वस्तूशी आपलं काही भांडण नाही. जगात कितीतरी लोकांची कामं त्यावर होतात आणि बिनबोभाट होतात. ते टाकायचं कसं, तेही साहेबाला पक्कं माहीत होतं. सीडी चालत नव्हती. पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला त्या म्हाताऱ्या मशिननं साफ नकार दिला. तेव्हा साहेबानं तिसरा रस्ता काढला. लिनक्सच्या सगळ्या फायली हार्ड डिस्कवरच आणून ठेवायच्या आणि तिथूनच ते टाकायचं. हार्ड डिस्कचे दोन भाग होते. सी ड्राइव्हवर जुनी सिस्टीम, आणि डी ड्राइव्हवर ताईचं सगळं काम.

“हे बघ,” तो ताईला समजावू लागला, आणि समजावताना तो खरंच छान दिसायचा, आई उगाच भाळलेली नव्हती. “सी पुसायचा आणि तिथे लिनक्स बसवायचं. पण ज्या फायलींवरून ते बसवायचं त्या फायली पुसल्या जाणाऱ्या भागात ठेवून कसं चालेल? उभं राहायची फांदीच कापल्यासारखं होईल. म्हणून त्या ठेवायच्या डीवर. आणि डीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. डी सगळ्यात सुरक्षित.”

“माझं डीवरच आहे,” ताई म्हणाली. तिला बरं वाटलं.

“मग झालं तर.”

डी मात्र गच्च भरलेला होता. साहेबाच्या फायली मावेनात. त्यानं थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं, ताईचे सगळे पॅटर्न असलेलं ‘मापं’ नावाचं भलंमोठं फोल्डर दिसलं, त्यानं ते उचललं आणि सीवर नेऊन ठेवलं. मग डीवर ऐसपैस जागा झाली.

ताई दारात उभी राहून चाकाच्या खुर्चीतल्या एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला काजं करत होती. “काय केलंस?” तिनं विचारलं.

“काही नाही, तुझं जरा सरकवलं.”

“कुठे?”

“आहे गं आतच. पुन्हा ठेवतो नंतर जागेवर.”

ताईनं पुढचं काज करायला घेतलं. सरकवलेलं पुन्हा जागेवर येतं, हा तिचा लहानपणापासूनचा अनुभव अर्धामुर्धाच खरा होता. पण ह्या घरात ‘कुठे’ हा प्रश्न एकदाच विचारायची रीत होती. दुसऱ्यांदा विचारलं की त्याचं भांडण होई, आणि भांडण झालं की आई जेवत नसे.

फायली यायला वेळ लागला. मध्ये साहेबाचा ऑफिसचा फोन आला, मग बायकोचा आला, मग आईनं गरम-गरम वाढलं म्हणून तो जेवायला बसला आणि जेवून जरा आडवा झाला. उठला तेव्हा दुपार उलटून गेली होती. तोंडावर पाणी मारून, उत्साहानं, तो पुन्हा मशिनपुढे बसला.

मशिन बंद करून सुरू केलं. जुन्या चित्राच्या जागी काळा पडदा आणि पांढरी अक्षरं आली. साहेब टिचक्या वाजवायला लागला. मशिननं विचारलं, फायली कुठे आहेत? साहेबानं डी दाखवला. मशिननं फायली ओळखल्या. भाषा विचारली, घड्याळ विचारलं. मग विचारलं, कुठे बसवू? साहेबानं सी दाखवला. त्यावर मशिननं पाटी दाखवली, की ह्या भागातलं सगळं जाईल, ते परत मिळणार नाही, पुढे जायचं का?

ताई त्याच्या खांद्यामागे येऊन उभी होती. पाटी तिनंही वाचली.

“सगळं जाईल म्हणतंय.”

“सीवरचं गं. मी काय सांगितलं सकाळी? डीला हात लावायचा नाही. लावतोय का मी डीला हात?”

“नाही.”

“मग!”

आणि त्यानं बटण दाबलं. खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. सकाळपासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसलेली होती की ताईचं काम डीवर आहे आणि डीला सांभाळायचं आहे. ते काम आपणच आपल्या हातानं तिथून उठवलं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कुठे नोंदलीच गेली नव्हती. नोंद होण्यासारखं त्यात त्याला काही वाटलंच नव्हतं. ताईच्या वस्तू सरकवणं ही काही ह्या घरात लक्षात ठेवायची गोष्ट नव्हती.

पुढचं सगळं अगदी सुरळीत झालं. मशिननं वापरणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा त्यानं सवयीनं स्वतःचं टाकलं, पासवर्डही स्वतःचाच. नवा पडदा उजळला तेव्हा आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिनं टीव्हीवर मुलगा दिसल्यासारखा चेहरा केला.

“उघड आता माझं,” ताई म्हणाली.

त्यानं डी उघडला. त्यात लिनक्सच्या फायली होत्या. एकूणएक, जशाच्या तशा, एकीला ओरखडा नाही. बाकी काही नव्हतं.

त्यानं पुन्हा उघडून बघितलं. मग त्याचा हात माउसवर तसाच राहिला, आणि मानेच्या मागची कातडी हळूहळू लाल होत गेलेली ताईला दिसली. त्याला आठवलं होतं. ताईला ते तो बोलायच्या आधी कळलं.

“सीवर ठेवलं होतंस,” ती म्हणाली.

“निघेल. निघतं गं ताई, पुसलेलं निघतं. एक सॉफ्टवेअर असतं, मी बसवतो. थांब.”

“थांबलेच आहे.”

ते सॉफ्टवेअर संध्याकाळपर्यंत डिस्क खरवडत बसलं. खूप काही निघालं. जुन्या सिस्टीमची चित्रं निघाली, जाहिराती निघाल्या, कुणाच्यातरी लग्नाचे फोटो निघाले, ज्याचा कॉम्प्युटर पूर्वी होता त्याचे. पॅटर्नच्या फायली त्या सॉफ्टवेअरला ओळखूच येत नव्हत्या. अखेर एक चित्र निघालं. पॅटर्नच्या प्रोग्रामसोबत नमुना म्हणून आलेला एक सदरा. डावा खांदा उजव्या खांद्यासारखा, पाठ सपाट, दोन्ही हात सारखे. ताईच्या एकाही गिऱ्हाइकाच्या अंगाला तो झाला नसता.

तेव्हा ती खाकी गुंडाळ्यांच्या आशेनं कॉटकडे गेली. गुडघ्यावर बसून चादर वर केली. खाली साहेबाची सुटकेस होती. ती ओढून बाहेर काढली. मागे भिंत होती.

“आई, इथलं खोकं?”

“ते कागदाचं? अगं, ते रद्दीवाल्याला दिलं गेल्या आठवड्यात. सुटकेस ठेवायला जागा नको का? तूच म्हणाली होतीस ना, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून.”

ताई तशीच जमिनीवर बसून राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि तोही इतक्या वर्षांचा साठलेला, एकदम. रडला तो साहेब. टेबलाशी बसून, दोन्ही हातांत तोंड धरून. आणि आईनं धावत जाऊन त्याचं डोकं पोटाशी घेतलं.

“मुद्दाम का केलंय त्यानं?” आई ताईकडे बघून म्हणाली. “सुट्टीवर आलेला जीव, दिवसभर मान मोडून बसलाय तुझ्यासाठी. पाणी तरी आण त्याला.”

ताईनं पाणी आणलं. ह्याचा राग तिला पुढे बाकी सगळ्यापेक्षा जास्त दिवस पुरला.

साहेब ठरल्या वेळेला गेला. निघताना दारात म्हणाला, “ताई, चिडली नाहीस ना? मी बघतो काहीतरी.” टॅक्सी उभी होती, आई डोळे पुसत होती, त्यामुळे ताई “नाही” म्हणाली. मग ती आत आली, शिवणाचं मशिन खिडकीपाशी ओढून आणलं, टेबल मोकळं केलं आणि निळसर कापड पसरलं. आठवेल असं तिला वाटत होतं. खडू घेऊन ती कापडावर वाकली. उजवा खांदा किती खाली, बाक कुठून सुरू होतो, कुठे सर्वांत जास्त, बगलेपाशी किती सोडायचं. बाईंची पाठ तिच्या डोळ्यांपुढे होती, पण डोळ्यांपुढची पाठ कापडावर उतरवता येत नाही, त्याला माप लागतं. आकडे तिनं मोठ्यानं कधी उच्चारलेच नव्हते, आणि कॉम्प्युटरच्या भरवशावर मनातूनही केव्हाच जाऊ दिले होते. तिनं खडू खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई ट्रायलला आल्या. केस नीट बसवलेले, हातात भाषणाचे कागद. कापड अख्खंच्या अख्खं बघून त्या थांबल्या.

“कापलं नाहीत अजून?”

“बाई, तुमची मापं गेली,” ताई म्हणाली. गोल-गोल बोलणं तिच्या जिवावर आलं. “कॉम्प्युटरमधून पुसली गेली. सगळ्यांचीच गेली. कागदावरची होती तीही राहिली नाहीत. पुन्हा घ्यावी लागतील.”

बाईंनी कापडाची कड बोटांनी सरळ केली.

“दार लावते. मागच्यापेक्षा लवकर करीन. डोळे मिटून उभ्या राहा हवं तर.”

“अंगातल्या झग्यावरून नाही निघणार?”

“झगा वापरून सैल पडतो. त्यावरून कोट केला तर तो लोंबेल.”

“हो. तुम्हीच सांगितलं होतंत मागे.” बाईंनी मापाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, त्यापलीकडच्या भिंतीकडे पाहत असाव्यात तसं. “नाही हो. नाही जमायचं मला. मी तेव्हा घरी जाऊन आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. पुन्हा करायचं नाही म्हणूनच केलं होतं ते.”

“माझा शब्द गेला, बाई. मला कळतंय.”

“तुमच्यावर राग नाही माझा. मी शाळेला पत्र टाकीन, तब्येत बरी नाही म्हणून.” त्यांनी हातातले कागद पर्समध्ये ठेवले. “कापड कुणाला तरी देऊन टाका. चांगलं आहे.”

तेवढ्यात आई बाहेर आली. गिऱ्हाईक आलं की दोन शब्द बोलायची तिला हौस होती. “अहो बाई, बघितलंत का? आमच्या साहेबानं कॉम्प्युटर कसा नवा करून दिला! काय ते, लिनक्स. बटण दाबलं की उघडतो.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. “छान आहे,” त्या म्हणाल्या, आणि चपला घालून निघून गेल्या. ताई खिडकीतून बघत राहिली. बाई भिंतीच्या कडेकडेनं, खाली बघून, भराभर चालत होत्या.

आईनं फोन लावला होता. “अरे, त्या मास्तरीणबाई आल्या होत्या, छान आहे म्हणाल्या हो तुझं काम! उगाच जिवाला लावून घेतलंस. थांब, ताईला देते.”

ताईनं फोन घेतला. पलीकडून साहेबाचा आवाज आला, हलका झालेला. “ताई? बघ, मी म्हटलं नव्हतं? होईल सगळं नीट. बाकी मशिन पळतंय ना?”

“पुढच्या वेळी येशील तेव्हा हॉटेलात उतर,” ताई म्हणाली. “इथे तुला जागा नाही.”

तिनं फोन आईच्या हातात दिला. आईनं क्षणभर तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं, मग पाठ फिरवून फोन कानाला लावला.

“तिचं काही मनावर घेऊ नकोस रे, राजा,” ती म्हणाली. “मी सांगते तिला सरकवायला.”